आधी धातू सांग

ती ओव्हन साफ करायची फवारणी खाली ठेव, रादिम.
ठेव. पैसे मोजू नकोस अजून.
यिहलावा नदीच्या पुलापाशी एकतीस वर्षं
मी या दुकानाचं शटर वर सरकवते आहे,
आणि ज्या पोरांच्या नखांत काळं वंगण असतं
ती नेमकी हीच बाटली उचलतात.
जे जास्त झोंबतं तेच जास्त गुणाचं,
असं वाटायचं एक वय असतं.

आधी धातू सांग.
'गाडी' हे उत्तर झालं नाही.
तुझ्या आजोबांची जावा म्हणजे
एका छपराखाली नांदणारे चार स्वभाव.
टाकीच्या कुशीला क्रोम,
इंजिनाच्या अंगावर ॲल्युमिनियम,
नटबोल्टांना जस्ताचा झिरझिरीत मुलामा,
आणि खाली चौकटीचं पोलाद,
कुणी विचारपूस केली नाही की गंजत बसणारं.

क्रोमला तारेची घासणी लावलीस तर
माझ्या दुकानात परत येऊ नकोस.
आई ज्यात तुझा पाव गुंडाळून देते
तो चंदेरी कागद घे, चुरगाळ, पाण्यात बुडव,
हलक्या हातानं फिरव.
गंज निघून येईल,
रुसलेलं पोर मामाच्या बोटाला धरून येतं तसा.

व्हिनेगर? काकड्यांसाठी असू दे.
जस्ताचा मुलामा ते एका रात्रीत चाटून टाकतं,
मग यंदाच्या हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ
उघड्या पोलादाशी काय बोलायचं ते बोलेल.
साखळीला रॉकेल चालेल, पेट्रोल अजिबात नाही,
आणि तेही अंगणात.
तुमच्या तळघरात बॉयलर आहे, विसरलेली नाही मी.
हातमोजे घाल.
(आलेच हं, हुब्लोव्हाबाई, मेणबत्त्या वरच्या फळीवर आहेत.)
आणि हे बघ, बाटलीवरच्या वाघाला भुलू नकोस,
बाटली उलटी कर. बारीक अक्षर वाच.
जिथं 'ॲल्युमिनियमवर वापरू नये' लिहिलेलं असतं
तिथं छापणाऱ्यानं मुद्दाम मुंगीएवढा टाईप घेतलेला असतो.

मी नव्हतं वाचलं.
त्र्याऐंशीचं साल, माझा भाऊ लिबोर
दोन वर्षांच्या सक्तीच्या फौजेत,
त्याची गाडी आईच्या कपड्यांच्या दोरीखाली.
मी सोळा वर्षांची. त्याला चकित करायचं होतं.
मोरीचं तुंबलेलं तोंड उघडायचा सोडा
मी इंजिनाच्या झाकणावर ओतला.
फसफसलं.
मला वाटलं, मळ निघतोय.
निघत होता तो धातू.
पुसलं तेव्हा झाकण तव्याच्या पाठीसारखं काळं,
आणि मी रात्रभर ते घासत राहिले,
जणू काळेपणा वरून लागलेला होता.

लिबोर आला. डोकं भादरलेलं, कान मोठे झालेले.
अंगठा फिरवला त्यानं झाकणावरून.
"लवकर रात्र झाली वाटतं इकडे,"
एवढंच म्हणाला, आणि किक मारली.
वीस वर्षं त्यानं टाकी चमकवली, रिम चमकवल्या,
त्या बाजूला मात्र फडकं नेलं नाही.
कुणी विचारलंच तर म्हणायचा,
बहिणीची सही आहे.

तो बघ, गल्ल्यामागे टांगलाय. घड्याळाखाली.
लोक विचारतात, हे काय कलेबिलेचं आहे का.
मी हो म्हणते.

तर. हा सौम्य साबण, कोमट पाण्यात झाकणभर.
हा जुना दातांचा ब्रश, पंखांच्या फटींसाठी.
मऊ फडकं घरचंच वापर,
आजोबांचा एखादा सदरा निघेल अजून कपाटात,
आजीला विचारून घे मात्र.
डावीकडच्या झाकणावर बुटाच्या टाचेनं झिजलेला
अर्धचंद्र असेल, गिअरपाशी.
तिथं साबण लाव, धू, कोरडं कर,
आणि पुढे जा.

नव्वद कोरुना.
ब्रशचे नकोत, वापरलेला आहे.